शंभर चौकोनांत चार धरणं: एक्सेलमधला वॅफल चार्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला भूगोल शिकवणाऱ्या बाई विचारतात: खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा साठा दहा बाय दहा चौकोनांच्या जाळीत दाखवायचा आहे, पण एक्सेलच्या इन्सर्टमध्ये असा चार्ट सापडत नाही. हाताने रंगवायला घेतलं तर टक्क्यांची बेरीज १०१ येते, चौकोन आडवे लांबट दिसतात, आणि झेरॉक्स काढली की सगळे रंग एकच होऊन बसतात. गेल्या वर्षी पाय चार्ट केला होता, तो मुलांना नीट कळला नाही.

नमस्कार बाई. सापडत नाही कारण तो तिथे नाहीच. या प्रकाराला वॅफल चार्ट म्हणतात, वॅफल नावाच्या केकसारख्या पदार्थावर जशा चौकड्या असतात तसा. एक्सेलने तो आजतागायत तयार दिलेला नाही, त्यामुळे प्रत्येकाला तो घरीच बनवावा लागतो. मी वीसेक वर्षं पुण्यातल्या कारखान्यांना आणि ऑफिसांना एमआयएस, म्हणजे कामकाजाच्या आकड्यांचे, रिपोर्ट करून देतोय. या चार्टमध्ये लोक कुठे आपटतात ते पाठ झालंय. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही अडचणी नेहमीच्याच आहेत, पण १०१ ची तक्रार सगळ्यात महत्त्वाची आहे. बाकीच्या दोन्ही पाचच मिनिटांच्या.

पाय चार्ट मुलांना का कळला नाही, हे सोपं आहे. पायमध्ये कोन जोखावा लागतो. ३६ टक्क्यांची फोड आणि ४४ टक्क्यांची फोड शेजारी ठेवली तर मोठी कुठली ते कळतं, कितीने मोठी ते सांगता येत नाही. वॅफलमध्ये मूल बोट ठेवून मोजतं. चौकटींच्या वहीत आपण सगळेच हे करत आलोय. पण मोजता येतं म्हणजेच चूकही पकडता येते. पायमध्ये एक टक्का इकडेतिकडे झाला तर कुणाच्या बापाला कळत नाही. इथे पहिल्या बाकावरची पोरगी उठून सांगेल, "बाई, खडकवासल्याचे सहाच आहेत, तुम्ही सात लिहिलंय."

तर आधी आकडे. चार धरणांची उपयुक्त साठ्याची क्षमता अशी: वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७ टीएमसी. बेरीज २९.१५. पावसाळ्यात रोज पेपरात येणारा "साखळीत इतके टक्के" हा आकडा याच २९.१५ च्या तुलनेत असतो. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आपल्या हिशेबात एक अब्ज. मुलांना हेही सांगा की हा उपयुक्त साठा आहे. त्याच्या खाली मृत साठा असतो, म्हणजे नेहमीच्या वाटेने बाहेर न येणारं तळाचं पाणी, तो या बेरजेत नाही. त्यामुळे शून्य टक्के म्हणजे तळाला भेगा पडल्या असं नव्हे.

आता एक्सेल उघडण्याआधीचा प्रश्न, जो बहुतेक जण विचारतच नाहीत: एक चौकोन म्हणजे काय? तुमच्या मनात दोन वेगळे तक्ते आहेत आणि प्रश्नात ते एकत्र झालेत असं मला वाटतं.

पहिला तक्ता म्हणजे चार धरणांच्या चार जाळ्या. प्रत्येकीत शंभर चौकोन, आणि धरण जितकं भरलं तितके निळे. छान दिसतो, बनवायला सोपा, आणि फसवा. खडकवासल्याच्या जाळीतला एक चौकोन म्हणजे ०.०१९७ टीएमसी आणि वरसगावच्या जाळीतला एक म्हणजे ०.१२८२. वरसगावच्या एका चौकोनात खडकवासल्याचे साडेसहा बसतात. पण फळ्यावर दोन्ही चौकोन सारखेच, दोन्ही जाळ्या सारख्याच. खडकवासला लहान असल्याने लवकर भरतं, मग ती जाळी पूर्ण निळी होते आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं, पाणीच पाणी.

यातूनच पुढची चूक होते. समजा (हे आकडे केवळ उदाहरणाचे) खडकवासला १०० टक्के आणि बाकी तिन्ही ५० टक्के भरलीत. चार टक्क्यांची सरासरी काढली तर ६२.५ येते. खरं पाणी मोजलं तर १.९७ अधिक ६.४१ अधिक ५.३२५ अधिक १.८५५, म्हणजे १५.५६ टीएमसी. भागिले २९.१५, म्हणजे ५३.४ टक्के. नऊ टक्क्यांचा फरक नुसत्या सरासरीने पडला. ही चूक मी चांगल्या पगाराच्या लोकांना करताना पाहिलीय, त्यामुळे नववीच्या मुलांनी केली तर रागावू नका. वर्गात मात्र हे उदाहरण जरूर करून घ्या.

दुसरा तक्ता म्हणजे एकच जाळी, सगळ्या साखळीची. शंभर चौकोन म्हणजे २९.१५ टीएमसी, एक चौकोन सुमारे ०.२९ टीएमसी, लिटरमध्ये साधारण ८२५ कोटी. त्यात प्रत्येक धरणाला त्याच्या क्षमतेइतके चौकोन. मी हाच करा म्हणतो, आणि पुढचं सगळं याच्याबद्दल आहे. चार जाळ्या हव्याच असतील तर प्रत्येकीखाली "एक चौकोन = इतके टीएमसी" असं ठसठशीत लिहा.

जाळी बांधू. खाली फॉर्म्युले मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच घ्यायचे: इंट म्हणजे INT, रो म्हणजे ROW, रँक म्हणजे RANK, सम म्हणजे SUM, राउंड म्हणजे ROUND, रेप्ट म्हणजे REPT.

बी ते के हे दहा कॉलम आणि ३ ते १२ या दहा ओळी घ्या. चौकोन लांबट दिसतात कारण एक्सेल कॉलमची रुंदी अक्षरांत मोजतं आणि ओळीची उंची पॉइंटमध्ये. दोन्हीकडे १५ लिहिलं म्हणजे चौरस होत नाही. उपाय असा की कॉलमच्या मथळ्यांमधली रेघ माउसने धरली की छोट्या पट्टीवर पिक्सेल दिसतात. दहाही कॉलम एकत्र निवडून ते ३० पिक्सेल करा, मग दहा ओळी निवडून त्याही ३० पिक्सेल करा. झाले चौरस.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी यात एक खास खड्डा आहे. जाळीच्या शेजारी त्याच ओळींत तुम्ही "वरसगाव", "पानशेत" लिहाल. मंगलसारखे देवनागरी फॉन्ट उंच असतात, आणि ओळीची उंची हाताने ठरवलेली नसेल तर नाव टाइप करताच ती ओळ फुगते. मग जाळीतल्या वरच्या चार ओळी जाड आणि खालच्या सहा बारीक असा प्रकार दिसतो आणि माणूस डोकं धरून बसतो. म्हणून आधी उंची हाताने ठरवा, मग नावं लिहा.

आता जाळीत १ ते १०० आकडे भरायचे. पाणी खालून वर चढतं, म्हणून मोजणीही खालून. सगळ्यात खालच्या ओळीत, बी१२ ते के१२, हाताने १ ते १० लिहा. त्याच्या वर बी११ मध्ये

=बी१२+१०

आणि हा फॉर्म्युला के३ पर्यंत सगळीकडे ओढा. उजव्या वरच्या कोपऱ्यात १०० आले की जाळी बरोबर. नव्या एक्सेलमध्ये सीक्वेन्स नावाचं फंक्शन एका झटक्यात दहा बाय दहा आकडे भरतं, पण ते वरून खाली मोजतं आणि जुन्या आवृत्त्यांत नाही. शाळेच्या लॅबमध्ये कुठलं एक्सेल असेल याचा नेम नाही, म्हणून अधिक दहावालाच बरा. काही जण सेलमध्ये १, २, ३ ऐवजी ०.०१, ०.०२ असे टक्के भरतात. तेही चालतं, पण संगणक दशांश बायनरीत ठेवतो, बेरजा करत गेलं की शेवटच्या घरात कण साचतात आणि कधीतरी सीमेवरचा एखादा चौकोन रंगायचा राहतो. पूर्ण आकड्यांत ती कटकट नाही.

आता १०१ कडे येऊ. क्षमतेवरून टक्के काढले की वरसगाव ४३.९८, पानशेत ३६.५४, टेमघर १२.७३, खडकवासला ६.७६. जवळच्या पूर्णांकात नेले की ४४, ३७, १३ आणि ७. बेरीज १०१. तुमची बेरीज चुकलेली नाही बाई, हे राउंडिंगचं आहे. चारही आकडे वरच्या बाजूला गेले आणि मिळून एक जादाचा चौकोन तयार झाला, जो जाळीत नाही.

हा जादा चौकोन कुठे जातो ते मला माझ्या फजितीतून कळलं. भोसरीच्या एका कारखान्यात रिजेक्ट झालेल्या मालाचा महिन्याचा रिपोर्ट होता. पाच कारणं, पाच रंग, सुरेख जाळी. मीटिंगमध्ये क्वालिटीच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ गेले आणि विचारलं, "हा पिवळा कुठाय?" खाली रंगांच्या यादीत पिवळा होता, "पॅकिंग, १ टक्का". जाळीत पिवळा एकही चौकोन नव्हता. बेरीज १०१ झाली होती, शंभरावर जाळी संपली, आणि शेवटी उभा असलेला एक टक्का बिचारा बाहेर पडला. पॅकिंगवाल्यांना आनंद झाला, मला नाही. तुमच्या तक्त्यात हाच फटका खडकवासल्याला बसेल. यादीत सात, जाळीत सहा.

काही जण यावर "सगळ्यात मोठ्यातून एक कमी करा" असं सांगतात. घाईत चालून जातं, पण तसं का, हे मुलांना सांगता येत नाही. सांगता येण्याजोगी रीत वेगळी आहे. आधी सगळ्यांचे अपूर्णांक कापून टाका: ४३, ३६, १२, ६. बेरीज ९७, म्हणजे तीन चौकोन वाटायचे राहिले. ते ज्यांचे कापलेले तुकडे सगळ्यात मोठे, त्या तिघांना द्या. तुकडे असे: वरसगाव ०.९८, खडकवासला ०.७६, टेमघर ०.७३, पानशेत ०.५४. पहिल्या तिघांना एकेक मिळाला, पानशेतला नाही. शेवटी ४४, ३६, १३, ७. बरोबर शंभर. पानशेत ३६.५४ असूनही ३६ वर थांबलं, कारण चौघांत त्याचाच तुकडा लहान होता. अमेरिकेत राज्यांना प्रतिनिधिगृहाच्या जागा वाटायला अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी हीच रीत पुढे केली होती. १७९२ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्या रीतीने जागा वाटणारं विधेयक परत पाठवलं, आणि अमेरिकन राष्ट्राध्यक्षाने वापरलेला तो पहिला नकाराधिकार ठरला. अर्ध्या टक्क्यावरून माणसं किती भांडू शकतात ते बघा.

एक्सेलमध्ये ते असं बसतं. एम३ ते एम६ मध्ये नावं, मोठ्यापासून लहान: वरसगाव, पानशेत, टेमघर, खडकवासला. एन मध्ये क्षमता, एन७ मध्ये बेरीज. ओ३ मध्ये टक्के:

=एन३/एन$७*१००

पी३ मध्ये कापलेला पूर्णांक, =इंट(ओ३). क्यू३ मध्ये उरलेला तुकडा:

=ओ३-पी३-रो()/१००००००

शेवटचं ते रो() भागिले दहा लाख विचित्र दिसतं, पण ते काढू नका. तीन गोष्टी अगदी सारख्या असतील, प्रत्येकी ३३.३३, तर तुकडे सारखे, तिघांचाही क्रमांक पहिला, आणि एक चौकोन वाटायचा असताना तिघेही तो घेऊन जातात. बेरीज १०२. ओळीच्या नंबराचा हा कणभर फरक बरोबरी मोडतो. मग आर३ मध्ये खरे चौकोन:

=पी३+(रँक(क्यू३,$क्यू$३:$क्यू$६)<=१००-सम($पी$३:$पी$६))

कंसातलं विधान खरं असेल तर एक्सेल त्याला १ धरतं, खोटं असेल तर ०. ओ ते आर हे चारही फॉर्म्युले सहाव्या ओळीपर्यंत खाली ओढा. एस३ मध्ये =आर३, एस४ मध्ये =एस३+आर४, आणि तेच खाली. एस कॉलममध्ये ४४, ८०, ९३, १०० दिसलं पाहिजे. एस६ मध्ये १०० नसेल तर पुढे जाऊच नका.

आता रंग. बी३ ते के१२ निवडा, आणि निवडताना बी३ वरून सुरुवात करून खाली उजवीकडे या. के१२ वरून उलटं ओढलंत तर फॉर्म्युला के१२ च्या हिशेबाने लागतो आणि जाळी चित्रविचित्र रंगते. मग होम, कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल, आणि यादीतला शेवटचा पर्याय, फॉर्म्युला वापरण्याचा. वरसगावसाठी

=बी३<=$एस$३

आणि एक रंग. पानशेतसाठी तेच, फक्त $एस$४. टेमघरला $एस$५, खडकवासल्याला $एस$६. बी३ ला डॉलर नाही आणि एस ला दोन डॉलर, याकडे लक्ष द्या. बी३ हा सेलसोबत सरकायला हवा, एस३ जागेवर हवा. मी शिकवताना सांगतो की डॉलर म्हणजे खुंटी. जे जागचं हलायला नको त्याला खुंटी मारा.

हे सगळं नीट करूनही पूर्ण जाळी एकाच रंगाची झाली तर घाबरू नका, ती होणारच आहे. एक्सेल नवा नियम नेहमी सगळ्यात वर ठेवतं आणि वरचा नियम जिंकतो. तुम्ही खडकवासला शेवटी लिहिलात, तो वर गेला, त्याची अट "शंभरपर्यंत सगळे", म्हणून सगळी साखळी खडकवासल्याने गिळली. मॅनेज रूल्स उघडा, बाणांनी वरसगाव सगळ्यात वर आणि खडकवासला सगळ्यात खाली न्या. किंवा मी करतो तसं नियम उलट्या क्रमानेच लिहा, लहानापासून मोठ्याकडे. २००३ च्या एक्सेलमध्ये तर तीनच नियम चालायचे. चौथा रंग आम्ही सेलमध्ये आधीच भरून ठेवायचो आणि बाकीचे तीन त्यावर चढवायचो.

एकाच धरणाची साधी जाळी करायची असली तर एस कॉलमची भानगड नको. एम१ मध्ये टक्के लिहा आणि एकच नियम लावा. पण एम१ मध्ये तुम्ही ३७% असं लिहिलंत तर एक्सेलच्या मनात ते ०.३७ असतं आणि एकही चौकोन रंगत नाही. तेव्हा

=बी३<=राउंड($एम$१*१००,०)

असं लिहायचं. नुसतं ३७ लिहिलं असेल तर शंभराने गुणू नका.

देखणेपणासाठी दोन गोष्टी. व्ह्यूमध्ये जाऊन ग्रिडलाइन्स बंद करा आणि जाळीला जाड पांढरी बॉर्डर द्या, म्हणजे चौकोन सुटे सुटे दिसतात. ही बॉर्डर साध्या फॉरमॅट सेल्समधून द्यायची, कारण कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये जाड बॉर्डर मिळत नाही. आकडे लपवायचे असतील तर कस्टम नंबर फॉरमॅटमध्ये तीन अर्धविराम, ;;; एवढंच लिहा. ऑफिसात मी ते नेहमी लपवतो. तुमच्या वर्गात मात्र मी फिकट रंगात तसेच राहू दिले असते. पानशेत ४५ ला सुरू होतं आणि ८० ला संपतं हे मुलांनी वाचावं.

इथवर आली ती नुसती क्षमता. भरलेलं पाणी दाखवायला याच जाळीत प्रत्येक धरणाचे दोन भाग करा, गडद म्हणजे पाणी आणि त्याच रंगाची फिकट छटा म्हणजे रिकामी जागा. चाराच्या आठ ओळी होतील. इथे एक मोह टाळा: आठ ओळींवर पुन्हा तीच वाटपाची रीत लावू नका, नाहीतर धरणाचे स्वतःचे चौकोन आठवड्याआठवड्याला एकने बदलतील आणि मुलं विचारतील, पानशेत लहान कसं झालं? धरणाचे चौकोन ४४, ३६, १३, ७ हे कायमचे ठरवून टाका. मग भरलेले चौकोन म्हणजे धरणाचे चौकोन गुणिले भरल्याचे टक्के, राउंड करून, आणि रिकामे म्हणजे उरलेले. समजा पानशेत ५८ टक्के आहे. ३६ गुणिले ०.५८ म्हणजे २०.८८, तेव्हा २१ गडद आणि १५ फिकट. दर सोमवारी चार टक्के बदलले की जाळी आपोआप बदलते. जून ते सप्टेंबरचे सोमवार एकाखाली एक प्रिंट करून भिंतीला लावलेत तर साखळी कशी भरत गेली ते वर्गाला चालत्या चित्रासारखं दिसेल.

या पद्धतीत खडकवासल्याला सातच चौकोन असल्याने त्याच्या एका चौकोनात चौदा टक्के जातात. ५० टक्के असलं तरी साडेतीनचे चार होणार. जाळीची एवढी जाडी धरूनच चालावं लागतं. बारीक फरक दाखवायचा असला तर शेजारी आकडा लिहा. वीस बाय वीसची जाळी करून अचूकता वाढवता येते, पण मग कुणी मोजत नाही, आणि मोजायचं नसेल तर वॅफलचं कामच काय?

झेरॉक्सचं दुखणं. निळा, हिरवा आणि लाल हे तिन्ही रंग मध्यम गडद घेतले की काळ्या-पांढऱ्यात एकाच राखाडी छटेचे होतात. शिवाय लाल-हिरवा फरक न दिसणारी मुलं वर्गात असतात आणि ती सहसा बोलत नाहीत. फक्त चार भाग असतील तर एकाच निळ्याच्या चार छटा घ्या, गडदपासून फिकटपर्यंत. मोठ्या धरणाला फिकट आणि लहानाला गडद दिलं तर खडकवासल्याचे सात चौकोन उठून दिसतात. आठ भागांची जाळी झेरॉक्सवर द्यायची तर छटांनी भागत नाही. कंडिशनल फॉरमॅटिंगच्या फिल टॅबमध्ये पॅटर्न स्टाइल म्हणून एक खाना आहे, तिकडे फारसं कुणी जात नाही. त्यात तिरप्या रेघा, ठिपके, जाळ्या मिळतात. रिकाम्या भागाला तिरप्या रेघा द्या आणि अप्पा बळवंत चौकातल्या सगळ्यात जुन्या मशिनवर झेरॉक्स काढा, कळेल. रंगांची यादी खाली ठेवण्यापेक्षा धरणाचं नाव त्या पट्ट्याच्या शेजारीच लिहा, म्हणजे डोळ्यांना हेलपाटे पडत नाहीत.

गूगल शीट्समध्ये करणार असाल तर हेच सगळं चालतं आणि चौरस करणं तर आणखी सोपं, कारण तिथे कॉलम आणि ओळ दोन्हींचं माप थेट पिक्सेलमध्ये लिहिता येतं. नियमाच्या यादीत कस्टम फॉर्म्युला निवडायचा. तिथेही वरचा नियम जिंकतो. पॅटर्न मात्र मिळत नाहीत, नुसता रंग.

खरोखरचा चार्ट ऑब्जेक्ट करायचे मार्गही आहेत. स्कॅटर चार्टमध्ये शंभर बिंदू आणि चौकोनी मार्कर घेऊन करता येतो, स्टॅक्ड कॉलममध्ये गॅप शून्य करूनही. मी दोन्ही केलेत आणि दोन्ही सोडलेत. सेल रंगवलेली जाळी दुसऱ्याला उघडून दाखवता येते, दुरुस्त करता येते. स्कॅटरवाली फाइल सहा महिन्यांनी मलाच उमगत नाही. पॉवरपॉइंटमध्ये न्यायचं तर जाळी कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून चित्र म्हणून चिकटवा. एक्सेलमध्येच दुसऱ्या पानावर हवी असेल तर लिंक्ड पिक्चर घ्या, म्हणजे मूळ जाळी बदलली की चित्रही बदलतं. जाळीतले सेल कट करून दुसरीकडे हलवू नका, नियमांचे तुकडे होतात आणि मॅनेज रूल्समध्ये चाराचे चौदा दिसतात.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं असेल तर एवढ्या खटाटोपाचीही गरज नाही. एका सेलमध्ये

=रेप्ट("■",५)&रेप्ट("□",५)

लिहिलं की ■■■■■□□□□□ मिळतं, तेच कॉपी करून मेसेजमध्ये टाका. पाचाच्या जागी टक्के भागिले दहा, राउंड केलेले. दहा चौकोनांत दहा टक्क्यांपेक्षा बारीक काही दिसत नाही, पण "धरण अर्धं झालं" एवढं कळवायला पुरतं.

वर्गात मात्र आधी संगणक काढू नका. मुलांना चौकटींच्या वहीत दहा बाय दहाचा चौरस आखायला सांगा, ४४, ३७, १३ आणि ७ हेच आकडे द्या, आणि रंगवू द्या. ९४ पर्यंत सगळं सुरळीत जाईल. मग कुणीतरी शेवटच्या चौकोनाशी अडखळेल आणि मान वर करून तुमच्याकडे बघेल.